आधी फाईल वाच



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गावात सगळे ग्रंथालयाच्या बाई म्हणून ओळखतात. माझी त्यांच्याशी ओळख त्याआधीची. सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्या मेडिकल रेकॉर्ड विभागाच्या प्रमुख होत्या, आणि मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलो तेव्हा नुकताच बी.एस्सी. झालेला, रुग्णालयातलं काहीही न कळणारा मुलगा होतो. पुढे हाच विषय मी महाविद्यालयात शिकवू लागलो. आज बोलणार आहे ते ह्या शिक्षणाबद्दल. आरोग्याच्या नोंदी ठेवणं, त्या संगणकावर आणणं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा लावणं, म्हणजे ज्याला आता सगळे मेडिकल कोडिंग म्हणतात, ते मुलांना कसं शिकवावं, ह्याबद्दल.

आमची रेकॉर्ड रूम तळघरात होती. रोगी घरी गेला की दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी फायलींचा गठ्ठा घेऊन जिना उतरायच्या. आम्ही पानं मोजायचो. डिस्चार्ज कार्ड आहे का, संमतिपत्रावर सही आहे का, भूलतज्ज्ञांचा कागद लावलाय का, हे बघून अपुरी फाईल परत वर पाठवायचो. मग कोड, मग रॅक. नोंदणी क्रमांक ४८२३१७ असेल तर फाईल १७व्या रॅकवर, तिथल्या २३व्या खणात, ४८व्या जागी. आकडा शेवटाकडून वाचायचा. नवख्याला हे उलटं वाटतं. पण ओळीने लावलं तर नव्या सगळ्या फायली एका टोकाला जमतात आणि चार माणसं एकाच रॅकपाशी दाटी करतात. शेवटच्या दोन आकड्यांवर लावलं की त्या शंभर ठिकाणी सारख्या विभागल्या जातात. ही युक्ती साधीच आहे, पण एखादी फाईल दोन मिनिटांत हाताला लागते की दोन दिवसांत, हे तिच्यावर ठरतं.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची जाड पुस्तकं हातात देतील. आयसीडी-१०चे तीन खंड बाईंच्या कपाटात होते. पहिल्यात कोडांची यादी, तिसऱ्यात अकारविल्हे सूची, आणि दुसरा, तिन्हींत बारीक, तो नियमांचा. तो कुणी उघडत नाही, म्हणून त्याचीच पानं बाईंनी सगळ्यांत जास्त हाताळली होती. पण मला त्यांनी पुस्तक दिलंच नाही. एक फाईल पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "आधी फाईल वाच. ह्या माणसाला काय झालं होतं, ते मला मराठीत सांग."

अर्ध्या तासाने मी म्हणालो, "सेप्टिसेमिया."

"हे मराठी नाही. आणि हे त्याला शेवटी झालं. आधी काय झालं?"

पुन्हा वाचायला बसलो. मधल्या एका पानावर, सिस्टरांच्या नोंदीत, बारीक अक्षरात होतं: उजव्या अंगठ्याला जखम, चपलेचा खिळा लागून, दोन आठवडे. आणि पहिल्याच पानावर, जे मी घाईत उलटलं होतं, तिथे मधुमेह, दहा वर्षं, गोळ्या अनियमित. म्हणजे गोष्ट चपलेच्या खिळ्यापासून सुरू झाली होती. साखर वाढलेल्या माणसाच्या पायाला खिळा लागला, संवेदना गेलेली असल्यामुळे दुखलं नाही, जखम चिघळली आणि विष रक्तात गेलं. हे सगळं त्याच फाईलमध्ये होतं. मला दिसला होता फक्त शेवटच्या पानावरचा मोठा शब्द.

कोडिंग म्हणजे वाचणं, हे मी त्या दिवशी शिकलो. आकडा शोधणं हे त्यातलं शेवटचं आणि सर्वांत सोपं काम आहे. आज आपल्याकडे ह्या विषयाचं जे शिक्षण चाललं आहे, त्यात शोधणं शिकवतात आणि वाचणं वगळतात. मला ह्याची काळजी वाटते, आणि ती का वाटते हे सांगायला एक घटना सांगतो.

एका दुपारी एक तरुण विधवा जिना उतरून खाली आली. हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी, सोबत बारावीतली मुलगी. नवरा ट्रॅक्टरवरून पडला होता आणि ट्रॉलीचं चाक मांडीवरून गेलं होतं. आमच्याकडे मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली, घरी गेला, पाच आठवडे अंथरुणाला खिळून होता. एके पहाटे एकाएकी दम लागला. गावाजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं, तासाभरात गेला. तिथल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट" आणि मृत्यूचा प्रकार म्हणून "नैसर्गिक"वर खूण होती. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना सरकारकडून मदत मिळते, त्यासाठी तिने अर्ज केला होता. अर्ज परत आला, कारण कागदावर अपघात नव्हताच.

हृदय आणि श्वास थांबणं हे मरणाचं कारण होऊ शकत नाही, मरण म्हणतात ते त्यालाच. प्रत्येक माणसाचं ते थांबतं. म्हणूनच मृत्यूच्या कारणाचा जो फॉर्म नंबर ४ आहे, त्यात एकाखाली एक ओळी आहेत. वरच्या ओळीत लगेचचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याखाली तेही कशामुळे झालं. बाजूला एक रकाना असतो, प्रत्येक गोष्ट मृत्यूच्या किती आधी सुरू झाली ते लिहायला. बहुतेक फॉर्मवर तो रिकामा असतो.

बाईंनी तिच्याकडचं डिस्चार्ज कार्ड घेतलं, क्रमांक बघितला आणि मला रॅकवर पाठवलं. फाईल आली. पहिल्याच पानावर एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा, शिक्का, पोलीस चौकीची नोंद. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर मला खालून वर लिहायला लावलं. तळाशी व्ही ८४, म्हणजे शेतीच्या वाहनावर असलेल्या माणसाला झालेला अपघात. त्यावर एस ७२, मांडीच्या हाडाचा अस्थिभंग. त्यावर आय २६, फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. बरेच दिवस न हलता पडून राहिलेल्या पायात ती तयार होते. आणि सगळ्यांत वर आय ४६.९, हृदय थांबणं. नर्सिंग होममध्ये फक्त ही वरची ओळ लिहिली गेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार मृत्यूच्या आकडेवारीत धरायची ती ओळ ज्या आजारापासून किंवा इजेपासून साखळी सुरू झाली तिची, म्हणजे इथे तळाची.

दाखला बदलण्याचा अधिकार बाईंना नव्हता आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांपुढे फाईल ठेवली. पहाटे एकाएकी दम लागला तो कसा, हे त्यांनी त्या विधवेला समोर बसवून विचारलं आणि आपलं मत लिहून दिलं. सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या दिवशी तिच्या हातात होत्या. रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या विनियमांत नियम आहे. बाईंचा स्वतःचा नियम एका दिवसाचा होता. शेवटी पैसे मिळाले, पण तोवर त्या मुलीचं कॉलेजचं एक वर्ष गेलं होतं.

त्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांवर मी राग धरत नाही. पहाटेची वेळ, एकटा माणूस, समोर गुदमरणारा रोगी, आणि फॉर्म कसा भरायचा हे कुणी हात धरून शिकवलेलं नाही. पण त्या एका शब्दाने एका घराचं वर्ष घेतलं. असे शब्द देशभर किती फॉर्मांवर असतील, ह्याचा विचार करा. त्यांचीच बेरीज होते आणि त्या बेरजेवरून ठरतं की कुठल्या तालुक्यात रुग्णवाहिका हवी आणि कुठे डायलिसिसचं यंत्र.

हा विचार नवा नाही. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापल्या जात. कापडाचा व्यापार करणाऱ्या जॉन ग्रॉन्टने त्या गोळा केल्या, त्यांची बेरीज-वजाबाकी केली आणि १६६२ साली त्यावर पुस्तक काढलं. त्याच्याआधी ह्या याद्या लोक वाचायचे आणि फेकून द्यायचे. एकोणिसाव्या शतकात विल्यम फार हा इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात बसून हेच काम आयुष्यभर करत राहिला. एकाच आजाराला चार डॉक्टर चार नावं देतात आणि एकच नाव चार आजारांना वापरतात, ही त्याची तक्रार होती. ती आजही आपली तक्रार आहे. रुग्णालयांनीही एकसारखी वर्गवारी वापरावी, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेलने धरला होता, तो ह्याच फारच्या मदतीने. पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण तयार केलं आणि १८९३ साली शिकागोच्या परिषदेत ते मान्य झालं. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते आपल्याकडे घेतलं आणि मृत्यूच्या जोडीला आजारही त्यात आले. आज आपण ज्याला आयसीडी म्हणतो ते हेच. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली.

आता आजच्या मुलांकडे येतो. सांगली, जत, विटा, कवठेमहांकाळ इथली प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली मुलगी, बी.फार्म. झालेला मुलगा, कधी बीएएमएस किंवा फिजिओथेरपी झालेले तरुण डॉक्टरसुद्धा, दोन-तीन महिन्यांचा क्लास लावतात आणि पुणे, नवी मुंबई, हैदराबाद किंवा चेन्नईला नोकरीला जातात. तिथे ती अमेरिकेतल्या रोग्यांच्या फायली वाचतात. अमेरिकेला एवढी माणसं का लागतात? कारण तिथे रुग्णालयाला पैसे मिळतात ते कोडावर. येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी सारख्या खर्चाच्या रोग्यांचे गट पाडण्याची पद्धत तयार केली, आणि १९८३पासून वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, त्या गटांप्रमाणे रुग्णालयांना ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या प्रत्येक कृतीसाठी सीपीटी नावाचे वेगळे कोड आहेत, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६पासून प्रसिद्ध करते. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेने आयसीडीची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली, तेव्हा निदानाचे कोड सुमारे १४,०००वरून सुमारे ७०,०००वर गेले. डावा पाय की उजवा, पहिल्यांदा दाखवायला आला की पुन्हा, हे सगळं त्या आकड्यात लिहावं लागतं.

हे काम हलकं आहे असं कुणी म्हणालं की मला सहन होत नाही. सीपीसी ही कोडर म्हणून पात्र ठरवणारी परीक्षा चार तासांची, १०० प्रश्नांची असते. कोडांची पुस्तकं उघडी ठेवून द्यायची, आणि तरी अनेक जण अडतात, कारण पुस्तक उघडं असलं तरी वाचलेलं कळायला हवं. पास झाल्यावरही अनुभव नसेल तर सीपीसीमागे "अप्रेंटिस"चं अक्षर लागतं. कामावर दिवसाला किती चार्ट करायचे ह्याचं टार्गेट, त्यावर अचूकतेची टक्केवारी, त्यावर ऑडिट. माझ्या अनेक विद्यार्थिनींनी ह्या पगारावर भावाचं शिक्षण केलं, घरावर स्लॅब टाकला.

त्यांतल्या एकीबद्दल सांगतो. वर्गात मी नाव-पत्ता काढून टाकलेली सरावाची फाईल दिली होती. अमेरिकेतली एक वयस्क बाई, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडं निकामी, डायलिसिसवर. अंगात पाणी साठून दम लागला म्हणून आणलेली. वर्गातल्या बहुतेकांनी रक्तदाबाला आय १० लावला आणि मूत्रपिंडाला एन १८.६. दोन्ही आकडे पुस्तकात आहेत, पण एकत्र आल्यावर ते चुकतात. त्या पुस्तकाचा नियम असा की रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार एकत्र दिसले तर, डॉक्टरांनी वेगळं लिहिलेलं नसेल तर, ते एकमेकांशी जोडलेलेच धरायचे. म्हणून आय १२.० आणि त्यासोबत एन १८.६. मधुमेहाचंही तसंच, ई ११.२२. आणि डायलिसिसवर असल्याचा झेड ९९.२. एवढं चार-पाच जणांनी बरोबर केलं. जतच्या ह्या मुलीने मात्र आणखी एक गोष्ट टिपली. सोशल वर्करच्या नोंदीत एक ओळ होती: मागच्या आठवड्यात दोनदा डायलिसिसला आली नाही, येण्याजाण्याचे पैसे नव्हते. मुलगी म्हणाली, "सर, नुसतं चुकवलं असं नाही ना लावायचं? पैसे नव्हते म्हणून चुकलं, ह्याचा वेगळा कोड असेल." आहे. अमेरिकेच्या सध्याच्या पुस्तकात पैशांअभावी डायलिसिस चुकणं आणि इतर कारणाने चुकणं, ह्यांना वेगवेगळे आकडे आहेत. तिने तो शोधला. पण शोधावासा वाटला, तो आधी ती ओळ वाचली म्हणून. त्या क्षणी मला तळघर आठवलं.

तेच पुस्तक घेऊन मी वर्गात सापाचं पान उघडतो. टी ६३.०. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकला स्वतःचा कोड आहे, कोरल सापाला आहे, ऑस्ट्रेलियाच्या तैपानला आहे, नागाला आहे. घोणस, फुरसं आणि मण्यार, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला ज्यांची भीती असते ते तीन साप, "इतर आफ्रिकी व आशियाई साप" ह्या एका ओळीत येतात. त्यांनी त्यांच्या सापांना नावं दिली हे बरोबरच केलं. आपल्या सापांना नावं द्यायचं काम आपलं आहे. महाडच्या परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, त्यांवरून उपचार बदलले, आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. ग्रामीण भागात बसून एका माणसाने नीट लिहिलं तर काय होतं, ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मुलांना मी विचारतो, तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या पावसाळ्यात किती घोणस चावल्या, हे तुम्हाला फाईल बघून सांगता येईल का? येत नाही, कारण केसपेपरवर "सर्पदंश" एवढंच असतं. साप बघितलेल्या माणसाला त्याचं नाव कुणी विचारलेलंच नसतं.

अमेरिकेत हे शिक्षण कसं उभं राहिलं, हेही बघण्यासारखं आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये नोंदी सांभाळणाऱ्या ग्रेस व्हायटिंग मायर्स यांनी १९२८ साली रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांची संघटना उभी केली. त्या ग्रंथपाल होत्या, आणि ह्या लोकांना तेव्हा म्हणतच रेकॉर्ड लायब्रेरियन. आपल्या बाई शेवटी ग्रंथालयात गेल्या हे मला म्हणूनच अगदी स्वाभाविक वाटलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिनेसोटातल्या डुलुथ गावी सेंट स्कोलास्टिका कॉलेजने ह्या विषयाची पदवी सुरू केली. आज तिथे गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. शरीररचना, आजार कसा वाढतो त्याचं शास्त्र, औषधं, कायदा, सांख्यिकी, कोडिंग, आणि शेवटी रुग्णालयात प्रत्यक्ष काम. त्यानंतर आरएचआयटी ही आरोग्य माहिती तंत्रज्ञाची परीक्षा. ज्या देशाच्या फायली आपली मुलं वाचतात, तो देश स्वतःच्या मुलांना त्यासाठी दोन वर्षं देतो. आपल्याकडे ती तीन महिन्यांत तयार होतात, आणि तेही रुग्णालयाचं दार न ओलांडता.

आपल्याकडे पाया नाही असं नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुद्दुचेरीचं जिपमेर इथे मेडिकल रेकॉर्डचं शिक्षण खूप जुनं आहे, मणिपालमध्ये पदवी आहे. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्यात आरोग्य माहिती व्यवस्थापनाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ आकडी आरोग्य ओळख क्रमांक आला, ज्याला आता आभा म्हणतात. वैद्यकीय शब्दांच्या प्रमाणीकरणाचं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. २०१२ साली सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत रुग्णालयाच्या काउंटरवर बसलेला आरोग्यमित्र दिवसभर हेच तर करतो, रोग्याची फाईल योजनेच्या पॅकेजमध्ये बसवतो. काम दारात येऊन उभं आहे. माणसं मात्र आपण दुसऱ्यांच्या फायलींसाठी तयार करतो आहोत.

तर महाविद्यालयाने काय करावं? मी पहिलं सत्र पुस्तकाशिवाय घेतो आणि इतरांनाही तसंच करायला सांगतो. मुलं रेकॉर्ड रूममध्ये बसतात, नावं झाकलेल्या फायली वाचतात आणि मराठीत गोष्ट सांगतात. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधायचा नाही, डॉक्टरांना लेखी विचारायचं. आणि विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. "हा न्यूमोनियाच होता ना?" असं विचारलेला प्रश्न आमच्याकडे फाडून टाकला जातो. "छातीच्या फोटोत दिसलेल्या डागाचं आपलं निदान काय?" असा लिहावा लागतो. हे शिकायला मुलांना महिना लागतो, आणि तो महिना वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

मराठीत गोष्ट सांगायला लावण्यामागे माझा भाषेचा हट्ट नाही, त्यात काम आहे. रोगी डॉक्टरांशी मराठीत बोलतो, नोंद इंग्रजीत होते, आणि मधल्या मध्ये बरंच काही गळतं. "अंगावरून वारं गेलं" असं म्हातारी सांगते, तेव्हा अर्धं अंग लुळं पडलेलं असतं. "तोंडावरून वारं गेलं" म्हणाली तर बहुधा फक्त चेहऱ्याची नस. पहिली फाईल मेंदूच्या झटक्याकडे जाते, दुसरीचा कोड जी ५१.०, आणि दोन्हींमागे उपचारही वेगळे. "अंगावर जातं" असं बाई सांगते, तेव्हा पांढरं की लाल हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थच नाही. नागीण, अर्धशिशी, मुडदूस, गालगुंड, कांजिण्या, ह्यांतल्या प्रत्येक शब्दाला पुस्तकात नेमकी जागा आहे. मुलं ती यादी स्वतः तयार करतात, आजीला विचारून. एका मुलाने आणलेला "उसण" हा शब्द आम्ही आठवडाभर तपासत होतो, कारण भरणारी उसण कमरेतली आहे की बरगडीतली, हे गावागावाप्रमाणे बदलत होतं. आयुर्वेदाच्या पदवीधरांना तर आता आणखी एक दार उघडलं आहे. जानेवारी २०२४मध्ये आयसीडी-११साठी आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या विकारांचा विभाग जाहीर झाला. अम्लपित्त म्हणजे नेमकं काय, हे ठरवायला संस्कृत आणि दवाखाना दोन्ही माहीत असलेली माणसं लागतील.

दुसरं, फॉर्म नंबर ४. माझ्या मते ह्या अभ्यासक्रमाचा तो गाभा असायला हवा. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. २०२३च्या दुरुस्तीने सगळ्या रुग्णालयांना, सरकारी असो की खासगी, मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देणं बंधनकारक केलं, आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याचीही तरतूद केली. तेव्हा त्या विधवेच्या हातात ही प्रत पहिल्याच आठवड्यात असती तर ती तेव्हाच आमच्याकडे आली असती. पण प्रत मिळून उपयोग काय, जर तिच्यावर एकच ओळ असेल? दर रुग्णालयात ह्या ओळी डॉक्टरांसोबत बसून बघणारा एक शिकलेला माणूस हवा, आणि त्याला शिकवण्याची जागा म्हणजे कॉलेज.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. बाईंच्या खोलीत फाईल वाचताना मोठ्याने नाव घ्यायला बंदी होती. गाव लहान, वॉर्डातला रोगी कुणाचा तरी मेहुणा असायचाच. एकदा मी जेवणाच्या सुट्टीत एका ओळखीच्या माणसाच्या आजाराबद्दल सहज बोललो. बाईंनी तिथे काही म्हटलं नाही. संध्याकाळी माझी किल्ली मागून घेतली आणि महिनाभर मला फक्त पानं मोजायला ठेवलं. आता २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. पण मला त्या महिन्याने जे शिकवलं, ते कलमं वाचून कळलं नसतं, आणि मुलांनाही मी ती गोष्ट सांगूनच शिकवतो.

मुलं आता विचारतात, सर, संगणक स्वतःच कोड लावायला लागलाय, मग आमचं काय? ही भीती खरी आहे. साध्या फायलींचे कोड यंत्र सुचवतं आणि वेगाने सुचवतं. जो फक्त शोधायला शिकला आहे, त्याचं काम जाणार, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. यंत्राने सुचवलेलं बरोबर आहे का हे बघायला मात्र फाईल वाचता येणारा माणूस लागतो. आणि जे फाईलमध्ये लिहिलेलंच नाही, जसं ट्रॅक्टरवरून पडलेल्या माणसाला पहाटे एकाएकी लागलेल्या दमाचं, ते शोधायला तर पिशवी घेऊन आलेल्या बाईशी बोलावं लागतं.

बाई गेल्या त्या दिवशी मी रुग्णालयात होतो. वय झालं होतं, मधुमेह जुना होता, शेवटचे दोन महिने डायलिसिस चालू होतं. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. इंटर्न असताना ग्रंथालयात यायचे आणि बाई त्यांना पुस्तक देण्याआधी एक तरी केस सांगायला लावायच्या. त्यांनी फॉर्म नंबर ४ भरला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या ओळीत आधी "कार्डि" एवढं लिहून खोडलं होतं, बाजूला छोटी सही होती. त्यापुढे रक्तातलं पोटॅशियम वाढल्याचं लिहिलं होतं. खालच्या ओळीत मूत्रपिंडाचा जुनाट आजार, त्याखाली मधुमेह. आणि बाजूचा रकाना, जो मी आयुष्यभर रिकामा बघत आलो, त्यात तीन आकडे होते: एक दिवस, चार वर्षं, बावीस वर्षं.